व्याह्यांची राहिलेली अर्धी मैफल

आमच्या सूनबाईचे वडील, म्हणजे माझे व्याही, यांच्यासारखा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्या घरच्यांनी तो अजून बाहेर काढलेला नाही. मी चौसाळ्याकडचा. चौथीपर्यंत शिकलो. पुढं गावात शाळाच नव्हती, नाहीतर शिकलो असतो. पण माणूस कुठल्या मापाचा आहे हे मला एका चहात कळतं. ह्या माणसाचं माप मला अजून सापडलेलं नाही. सोयरीक होऊन इतकी वर्षं झाली, नातवाला मिसरूड फुटली, आणि मी मात्र पहिल्या दिवशी होतो तिथंच आहे. समोर बसून विचार करतोय, हे काय बोलायलेत?

बघाल तर साधा माणूस. घाटनांदूरला सरकारी गोदामावर नोकरी केली, तिथंच घर बांधलं. पांढरा पायजमा, पांढरी टोपी. बाजारात भेटले तर वाटावं, आता सोयाबीनचा भाव विचारतील. पण सदऱ्याच्या खिशातून एक वायर निघून कानात गेलेली असते, आणि त्या वायरीतून विलायतेतले चार गडी वाजवत असतात. मी औत धरायला शिकत होतो त्या साली हे चौघं तिकडं गाजत होते म्हणे. पुढं आपसात भांडले, बँड मोडला, त्यातले दोघं तर वारलेसुद्धा. पण आमच्या व्याह्यांच्या लेखी ते अजून स्टेजवर उभे आहेत. बरं, त्यांची दुकानात मिळणारी गाणी ह्यांना चालत नाहीत. "ते धुतलेलं हाय, व्याही. इस्त्री केलेलं. त्यात काय मजा?" ह्यांना पाहिजे ते वेगळंच. त्या चौघांनी लोकांपुढं उभं राहून म्हटलेलं, कुणीतरी कोटाखाली मशीन लपवून किंवा रेडिओला मशीन लावून भरून घेतलेलं, आणि दुकानात कधीच न आलेलं.

नातवाचं जावळ होतं तेव्हाची गोष्ट. मांडव माणसांनी भरलेला, मी टॉवेल-टोपी घेऊन उभा, आणि व्याह्यांचा मान करायची वेळ आली तर व्याहीच नाहीत. मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला हुडकत हिंडायचं, ही काय रीत झाली? सापडले कुठं, तर मागं गोठ्यात, कडब्याच्या पेंढीवर, वायर कानात घालून. मला बघताच वायरीचं एक टोक माझ्या कानात कोंबलं.

"ऐका. काय येतंय?"

"बाया वरडायल्यात."

"त्याच्या मागं?"

"आनखी बाया."

"त्याच्याबी मागं, ध्यान देऊन बगा. एक गडी खोकला! आला का?"

चेहऱ्यावर असा आनंद, की जावळ त्या खोकणाऱ्याचंच आहे. मी तिथंच, दोन म्हशींच्या देखत, त्यांच्या डोक्यावर टोपी घातली आणि म्हटलं, "मान घ्या आन् जेवायला चला. खोकनारा काय पळून जात न्हाई."

ह्यांच्यासारखे आणखी आहेत, हे मला फार पुढं समजलं. फोनवर त्यांचा एक मेळाच आहे. विलायतेतले आहेत, जपानातला एक आहे, ब्राझील नावाच्या देशातला एक आहे. सगळे म्हातारे. एकमेकांना कधी बघितलेलं नाही, आणि भांडतात मात्र सख्ख्या भावासारखे. अमकं रेकॉर्डिंग शुक्रवारचं की शनिवारचं, ह्यावर एकदा असं जुंपलं की आमच्या व्याह्यांनी जेवण सोडलं. ब्राझीलवाला म्हणे, शुक्रवारी वाजवताना गिटारची तार तुटली होती, ह्यात तुटत नाही, म्हणजे हे शनिवारचं. विहीणबाई ताट घेऊन उभ्या. "आमच्या लग्नाची तारीख इचारा, सांगता यायची न्हाई," त्या मला म्हणाल्या, "आन् ते चौघं कंच्या दिशी कुठं वाजवायलते, ते तोंडपाठ!"

मी एकदा सरळ विचारलं. "गानं एक, म्हननारे तेच. मग पाच गावचं कावून ठेवता?"

ते म्हणाले, "तुमी दर गुरुवारी देवळात तीच गवळण म्हनता. दर गुरुवारी सारखी होती का?"

"कशी व्हईल? कधी पेटीवाला उशिरा येतो, कधी माझा घसा बसलेला असतो."

"मग त्यातली खरी कंची?"

मी चहा गार झालाय असं सांगितलं.

हे खूळ लागलं कसं, तेही ऐका. व्याही शाळेत होते तेव्हा त्यांच्या चुलत्याकडं एक ट्रान्झिस्टर होता. चुलता झोपला की हे तो घेऊन माळवदावर चढायचे आणि काटा फिरवत बसायचे. एका रात्री खरखरीतून हे चौघं निघाले. कुठल्या तरी शहरातली मैफल चालली होती. भाषा कळत नव्हती, पण म्हणे अंगावर काटा आला. आता त्या ट्रान्झिस्टरचे सेल होते पार संपलेले, दोनदा उन्हात वाळवून पुन्हा घातलेले. मैफल रंगात आली, एक नवं गाणं सुरू झालं, आणि सेल गेले. पोरगं रात्रभर सेल तळहातावर चोळत बसलं. नंतर कळलं, की ते गाणं त्या चौघांनी त्या एकाच मैफलीत म्हटलं होतं, दुकानात कधी आलंच नाही. व्याह्यांनी नोकरी केली, लेकरं वाढवली, पोरीचं लग्न लावून दिलं, आणि मनात एकच ठेवलं: त्या मैफलीचा उरलेला अर्धा भाग एकदा ऐकायचा.

तो भाग सापडला. विलायतेतल्या एका म्हाताऱ्याकडं पूर्ण मैफलीची जुनी टेप होती, त्याच्या बहिणीनं रेडिओवरून भरलेली. मी म्हटलं, "मग घ्या की इकत. सोयाबीन इका, पन घ्या."

"पैशाचा मामला न्हाई व्याही. त्या लोकांत पैसा काढला की मेळ्यातून भाईर घालतात. सावड हाय ती. तुमी एक द्यायचं, त्यानं एक द्यायचं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचं बोलणं कळलं. सावड आम्ही करतो. तुमचे बैल माझ्या रानात, माझे तुमच्या रानात, हिशोब तोंडानं. पण म्हातारा हट्टी. त्याच्याकडं सगळ्या जगाचं आधीच होतं. तो म्हणे, जे कुणाकडंच नाही असं काहीतरी दे, पण लोकांपुढं म्हटलेलं पाहिजे. आणि व्याही माझ्या तोंडाकडं बघायला लागले. "तुमची गुरुवारची भजनं," ते म्हणाले, "कुनी भरून घेतली न्हाईत ना आजवर?"

मी साफ नाही म्हटलं. आमच्या मंडळाचा नेम आहे, देवापुढं म्हणायचं आणि तिथंच सोडून यायचं. एक पुढारी प्रचाराच्या गाडीवर लावायला माझा आवाज मागत होता, त्यालासुद्धा दिला नाही. आणि तो खोक्यात भरून कुणा परक्या म्हाताऱ्याला पाठवायचा? व्याही टोपी नीट करून घराकडं गेले. मग सूनबाई पाणी घेऊन आली आणि तांब्या खाली न ठेवता तशीच उभी राहिली.

"मामा, आन्नांचे कान चाललेत. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं सांगितलं, कानाला यंत्र लावलं तरी जाणारच. त्यांनी तुम्हाला सांगू नको म्हनलंय."

"मग कावून सांगतीस?"

"त्यांना तेवढं ऐकायचंय, म्हनून."

गुरुवारी व्याही फोन घेऊन देवळात आले. मी अट घातली, की काटछाट चालणार नाही, जसं होईल तसंच्या तसं गेलं पाहिजे. त्यावर हा माणूस इतका हसला की टोपी पडली. आता ह्यात हसण्यासारखं काय होतं? पखवाजाला कणीक लावतानाची थाप, पेटीवाल्याचं उशिरा येणं, मधेच ओरडलेली शेळी, सगळं गेलं.

पुढं जे झालं ते मला आजपर्यंत नीट उमगलेलं नाही. ते सगळे म्हातारे आमच्या भजनावर बोलायला लागले. सूनबाई वाचून दाखवायची. ब्राझीलवाला विचारतो, शेळी देवळाच्या आत आहे की बाहेर? कुणी म्हणतो, जाड आवाजाचा तो कोण, त्याचं आणखी काही आहे का? मी म्हटलं, त्याला सांग, जाड आवाजाचा तो मी. जपानवाल्यानं लिहिलं, की तिसऱ्या भजनात ताल नेहमीपेक्षा जलद वाटतो. मला राग आला. ह्यानं आमचं नेहमीचं कधी ऐकलं? पण खोटं तरी कसं म्हणू? त्या दिवशी पखवाजवाल्याची म्हैस व्यायला टेकली होती आणि त्याला घर गाठायचं होतं. हे जपानात कसं कळलं?

सावड फिटली, पण म्हाताऱ्याला ती जुनी टेप साफ करून द्यायला वेळ लागला. पावसाळा गेला, ज्वारी कापून झाली. मैफल आली तेव्हा सूनबाई आणि मी घाटनांदूरलाच होतो. व्याह्यांनी नवी टोपी घातली, कानातलं यंत्र काढून ठेवलं, वायर लावली. पहिला अर्धा भाग त्यांचे डोळे मिटलेले, मान डोलायलेली. मग त्यांनी बोट वर केलं: इथं सेल गेले होते. व्याह्यांची मान थांबली. फोनचा आवाज त्यांनी वाढवला, आणखी वाढवला.

"ढोल येतोय," ते म्हणाले. "बाकी काहीच न्हाई."

म्हणजे पहिला भाग ते कानानं ऐकतच नव्हते. तो त्यांना पाठ होता.

सूनबाई उठून आत गेली. व्याह्यांनी वायर काढून माझ्या हातात दिली. "तुमी ऐका. काय चाललंय ते सांगा."

मी ऐकलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "बाया वरडायल्यात!"

"त्याच्या मागं?"

"दोघं म्हनायलेत. एक वरून, एक खालून."

"कसं म्हनायलेत?"

आता कसं म्हणतात हे सांगायचं कसं? म्हटलं तरच सांगता येतं. आणि मी तर ह्या चौघांना सगळ्यांच्या देखत वरडणाऱ्या शेळ्या म्हणून हिणवत आलो. जन्मात मी देवाचा पुढा सोडून कुठं गायला तोंड उघडलं नाही, वरातीत नाही की बारशात नाही. व्याही माझ्याकडं बघत होते. मी ते गाणं पहिल्यापासून लावलं, संपलं की पुन्हा लावलं, पार डोक्यात बसेपर्यंत. विहीणबाईंना वाटलं मी रुसलोय. मग वायर खाली ठेवली, सरकून व्याह्यांच्या उजव्या कानाशी बसलो आणि सूर लावला. शब्द मला कुठले येणार? नुसता आकार. माझा आवाज जाड आहे, चार शेतं ओलांडून जातो. तो त्यांच्या कानात पोचला, कारण त्यांनी माझा गुडघा घट्ट धरला.

अर्ध्यात आल्यावर त्यांनी हात वर केला.

"थांबा. ही मुरकी तुमची हाय. त्यांची न्हाई."

खरंच होतं. सवयीनं गेली होती. "पन तुमी तर हे गानं ऐकलंच न्हाई. कसं कळलं?"

"ते असं करीत न्हाईत," व्याही म्हणाले. थोडा वेळ ते बोटांनी पायजम्याची घडी सरळ करत बसले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बरी हाय. पहिल्यापासून म्हना."

मी पहिल्यापासून म्हटलं. सूनबाई दारात येऊन उभी होती. तिच्या वडिलांचे ओठ हलत होते, माझ्या मागोमाग, अर्धी मात्रा उशिरा.