गाडी बसली नाही, बसवली आहे!

किस्से आम्ही गोळा करत नाही, लोक आणून देतात. आमच्या चौघांच्या गाड्या रस्त्याला जरा जास्तच चिकटून चालतात, एवढंच आमचं कर्तृत्व. सिग्नलला थांबलं की शेजारचा काच खाली करून विचारतोच, "भैया, गाड़ी बैठ गई क्या?"

"बैठी नहीं, बिठाई है!" हे उत्तर आता तोंडपाठ झालंय.

चौघं म्हणजे संजूभाऊ, ज्याचं अधारतालला गॅरेज आहे. ऋचा, बँकेत आहे. मन्या, औषधं विकत जिल्हाभर फिरतो. आणि मी, शाळेत फिजिक्स शिकवतो. रविवारी सकाळी गॅरेजसमोर चहा, आणि चहाबरोबर हे सगळं.

*

मन्याला धीर नाही. संजूभाऊ म्हणाला होता, "थांब, आखूड स्प्रिंग मागवल्या आहेत, येऊ दे." हा गेला बायपासवर आणि कुणाकडून तरी गॅस कटरनं आहे त्याच स्प्रिंग कापून घेतल्या. गाडी झाली खाली. फोटोबिटो काढले.

मग मझौलीला जाताना रस्त्यात खड्डा आला. चाक खाली गेलं, कापलेली स्प्रिंग सैल पडली आणि जागेवरून सटकली. गाडी एका खांद्यावर झुकली! मागून ट्रॅक्टरवाला आला, थांबला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भैया, ये तो लंगड़ी हो गई."

संजूभाऊ जॅक घेऊन पोचला. रागावला नाही. ती स्प्रिंग काढून मन्याच्या हातात दिली. "हे काय आहे?"

"स्प्रिंग."

"नाही. ही खव्याची जिलबी आहे. खा आता!"

घरी मन्याचे बाबा म्हणाले, "झाली नं हौस? आता उंच करून आण." मन्यानं महिनाभर ती गाडी हलवली नाही. नंतर बरोबर मापाच्या, कडक, आखूड स्प्रिंग बसवल्या, शॉकअपही बदलले. गाडी पहिल्यापेक्षाही खाली! बाबांना म्हणाला, "आधी कापली होती. आता बदलली आहे." तेव्हापासून आमच्यात कटरचं नावही कुणी काढत नाही.

*

ऋचा उंचीनं लहान. स्टीअरिंगच्या मागे नुसता चष्मा दिसतो. एकदा चौकात तिला हवालदारानं अडवलं.

"मैडम, गाड़ी की हाइट कम क्यों है?"

"साहब, पसंद है."

"कम हाइट का कागज दिखाइए."

ऋचा दार उघडून उतरली, त्याच्यासमोर सरळ उभी राहिली. "साहब, हाइट तो मेरी भी कम है. आज तक किसी ने कागज नहीं माँगा!"

हवालदार गंभीर राहिला. त्याचा जोडीदार मात्र तोंड फिरवून खोकत राहिला, बराच वेळ.

*

ऋचाच्या सोसायटीचे सेक्रेटरी मात्र हसणाऱ्यातले नव्हते. "बँकेत काम करता आणि गाडी गुंडाची?" असं त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं.

ऋचा म्हणाली, "काका, हॉर्न वाजवते का मी? जोरात चालवते का? मग काहून त्रास होऊन राहिला तुम्हाला?"

काकांनी उत्तर सिमेंटनं दिलं. गेटात असा स्पीडब्रेकर बांधला की आमच्या मन्यानं त्याला टेकडीच म्हटलं! ऋचा पहिल्या दिवशी आली, गाडी तिरपी केली, एकेक चाक हळूहळू चढवलं, एकेक उतरवलं. मागे चार गाड्या खोळंबल्या. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात काका लेकीला नि तिच्या सासरच्यांना स्टेशनवरून घेऊन आले. गाडी माणसांनी भरलेली, डिकीत सामान. खर्रर्र! गाडी त्या टेकडीवर पोटावर बसली. पुढे जाईना, मागे येईना. व्याही खिडकीतून विचारताहेत, "हे कुणी बांधलं हो?"

ऋचा बाल्कनीतून खाली आली. आधी पाहुण्यांना उतरवलं, मग हातानं इशारे करत म्हणाली, "काका, तिरपी घ्या. अजून तिरपी. हां, चलो!"

दुसऱ्या दिवशी मजूर सब्बल घेऊन ब्रेकर फोडत होता. ऋचानं त्याला चहा नेऊन दिला.

*

माझ्याकडे बाबांचा विरोध. "मी नाही बसणार त्यात. जमिनीवर बसायचं असतं तर चटई आणली असती!"

आईचे गुडघे दुखतात. तिला ग्वारीघाटावर नर्मदाजीचं दर्शन घ्यायचं होतं. दादानं आपली भलीमोठी उंच गाडी आणली. आईनं एक पाय वर ठेवला आणि तिथेच अडकली. आम्ही दोघं तिला धरून उभे, बाबा स्टूल शोधताहेत.

आई वैतागली. "राहू द्या ते स्टूल. मला त्या चपट्या गाडीत बसवा."

ती आरामात टेकली, पाय आत घेतले. घाटाजवळ पोचलो आणि लक्षात आलं, बसायला सोपं, पण उठायला काही धरायलाच नाही! मी दोन्ही हात पुढे केले. तिनं काचेतूनच नदीला हात जोडले.

"आई, उतर नं."

"काहून उतरू? दिसून राहिली नं मैया. तू अजून एक चक्कर मार."

*

आता मन्याच्या लग्नाचं. स्थळ सराफ्यातलं, मुलीच्या वडिलांचं दागिन्यांचं दुकान. मन्याची आई हात जोडून म्हणाली, "आजच्या दिवस भाड्याची साधी गाडी घे." मन्या म्हणाला, "आज भाड्याची नेली तर आयुष्यभर नेत राहावी लागेल." आपलीच नेली. साक्षीदार म्हणून मला मागे बसवलं.

पोहे होईपर्यंत सगळं छान. मग मुलीचे वडील गॅलरीत गेले, खाली पाहिलं, आणि परत आले ते चेहरा बदलूनच.

"ती तुमची गाडी?"

"हो."

"चांगली गाडी कंपनीनं विचार करून बनवलेली. तिच्या स्प्रिंग बदलणारा माणूस घरात काय काय बदलेल?"

मन्याची आई घाईनं म्हणाली, "तो करून घेईल उंच. काय रे?"

मन्याचे कान लाल झाले. मुलगी त्याला आवडली होती, हे मला दिसत होतं. तो म्हणाला, "नाही आई. खोटं काहून सांगू? गाडी अशीच राहणार."

मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली, म्हटलं निघायची वेळ झाली.

तेव्हा मुलगी उठली. नाव अनघा. चपला घातल्या आणि जिना उतरून खाली गेली. आम्ही सगळे गॅलरीत धावलो. ती गाडीभोवती एकदा फिरली, साडी सावरून पुढच्या चाकाशी बसली, टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं घातली. मग मागच्या चाकाशी तेच केलं. उठली, हात झटकले, वर मन्याकडे पाहिलं.

"पुढे दोन बोटं जातात, मागे तीन. मागून अजून खाली पाहिजे."