आडनावापुरती जमीन

माझ्या सासऱ्यांना स्वतःच्या आडनावाचा भारी तोरा. आयुष्यभर साउथहॅम्प्टनच्या गोदीत क्रेन चालवली, पण बोलणं असं की आख्खा समुद्र यांच्या वाडवडिलांनीच भाड्याने दिलाय. आजोबा नॉर्वेहून बोटीवर आले, इथल्या एका पोरीच्या नादाने राहिले आणि मागे मोठं घराणं सोडून आले, ही त्यांची आवडती कथा. पुरावा काय, तर त्यांच्या आडनावाचंच मोठं शेत नॉर्वेच्या नकाशावर आहे.

असेना का. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला दिवस गेले आणि सासरे म्हणाले, "बाळाला फक्त आमचंच आडनाव लागेल. कित्येक शतकांचं आहे ते." मला माझ्या माहेरचंही हवं होतं. नवरा इंग्लिश, म्हणजे वाद सुरू झाला की केटल लावायला उठणारा. मग मीच म्हटलं, "शतकं दाखवा, मग बोलू."

म्हातारा इरेला पेटला. एका चर्चच्या मागच्या खोलीत नॉर्वेतल्या चर्चची बाप्तिस्म्याच्या नोंदींची जुनी पुस्तकं आणि जनगणनेचे कागद फिल्मवर बघायला मिळायचे. दर शनिवारी हे सँडविच घेऊन तिथे. आजोबांपर्यंत सगळं सुरळीत, पण आजोबांच्या वडिलांपाशी आडनाव गायब. "पाद्री दारूडा असणार," असा निकाल त्यांनी दिला.

एका शनिवारी मीही गेले, खरं तर मजा बघायला. पोट पुढे घेऊन त्या यंत्रापुढे बसले. अक्षर म्हणजे मुंग्यांचे पाय, पण मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट, डॉक्टरांचं अक्षर वाचूनच पोट भरणारी. दोन पानं वाचली आणि मला हसूच फुटलं. आधी माणसाचं नाव, मग बापाचं नाव 'सेन' लावून, शेवटी शेताचं नाव.

"अहो, हे तर आमच्यासारखंच आहे," मी म्हटलं. "माझं नाव, वडिलांचं नाव, गावाचं नाव. तुमची माणसं शेत बदललं की शेवटचं नाव बदलायची. आडनाव कसलं शोधताय? बापाचं नाव धरून चला."

तासाभरात पणजोबा सापडले, दुसऱ्याच शेताच्या नावाखाली. मग जनगणना काढली. तिथे आजोबा पोरसवदा, घर त्या मोठ्या शेतावरच, आणि पणजोबांच्या धंद्यापुढे एक शब्द. सासऱ्यांनी डिक्शनरी उघडली. दुसऱ्याच्या शेतावर झोपडी बांधून राहणारा, मालकाकडे राबणारा, बिनजमिनीचा. मालमत्ता: एक गाय, दोन मेंढ्या, थोडे बटाटे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! म्हण अगदी ओठावर आली होती, पण त्यांचं तोंड बघून गिळली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मालकाचं नाव लावून मिरवलो आम्ही." मी जिंकले होते आणि मला जराही मजा येत नव्हती.

बाळंतपणाला नागपूरहून बाबा आले, कारण आई जाऊन चार वर्षं झाली होती. एका संध्याकाळी चहाच्या टेबलावर सासऱ्यांनी आपणहून त्यांना सगळं सांगितलं. मी मध्ये भाषांतराला.

बाबांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मजुराचं नाव देवाच्या पुस्तकात? आत घेत होते त्यांना?"

सासरे गोंधळले. "म्हणजे काय, आतच तर बाप्तिस्मा व्हायचा."

बाबांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "सांग त्यांना. आमचं नाव कुठल्याच देवळात सापडायचं नाही. आम्हाला पायरीवरसुद्धा उभं करत नव्हते. धर्म बदलला तेव्हा मी जुनं आडनाव टाकलं. आणि नवं कुठलं घेतलं? ज्या गावाने विहिरीला हात लावू दिला नाही, त्याच गावाचं. पुढे 'कर' जोडलं, झालं."

"पण त्यांचंच का?" सासऱ्यांनी विचारलं.

"त्या गावाची शेतं कोणी कसली? माझ्या बापाने. मग नाव एकट्या पाटलाचं कसं?"

हे आडनाव मी जन्मापासून लावत होते आणि हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. इंग्लिश शब्द सुचेनात, रडू यायला लागलं, रागही आला. सासरे म्हणाले, "परत सांग, सावकाश." मी परत सांगितलं. त्यांनी उठून कपाटामागे आमच्यापासून लपवलेला चॉकलेट बिस्किटांचा डबा काढला आणि बाबांपुढे ठेवला.

मुलगी झाली. नाव नोंदवायला सासरे गाडी घेऊन आमच्याबरोबर आले आणि ऑफिसात आतपर्यंत घुसले. मी दोन्ही आडनावं सांगितली. तिथल्या बाई पेन थांबवून म्हणाल्या, "फारच लांब होतंय. एक काढू या का?"

मी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "लिहा दोन्ही. दोन्ही राबून मिळवलेली आहेत."