मागे राहणाऱ्याला धरून

श्रीशारदेला वंदन करून, लेकीचा प्रबंध आज हाती आला त्या आनंदात हे लिहितो.

बीटी कापसाची, बोंडअळीने गाव हैराण झाल्याची ती वर्षे. सरकी न फोडता तिच्यातील तेल चुंबकीय अनुनादाने मोजण्यावर लेक संशोधन करीत होती. माप बरोबर यायला रेडिओलहरींच्या एका स्पंदाने उपकरणाच्या नळीतल्या बियांमधील सारी अणुकेंद्रे सारखी वळायला हवीत. पण मधली वळत, कडेची मागे राहत. प्रबंध तिथेच अडला होता.

सुटीत ती गावी, उंद्रीला आली. शेजारी शेतकरी म्हणाले, "काऊन वो बाई, सरकीले रेडिओ ऐकवून राह्यली म्हणे तू?"

"हाव काका, पण कडेची सरकी ऐकतच नाही!"

ओसरीवर माझा स्तोत्रवर्ग संपला, तेव्हा तिने विचारले, "बाबा, इतके निरनिराळे आवाज शेवटी एकत्र कसे पोचतात?"

"हुशारांची मला चिंता नसते. सर्वांत मागे राहणाऱ्याला धरून चाल बांधतो. स्वर हळू चढवतो, हळूच उतरवतो."

तिने वही काढून ते लिहून घेतले. परत गेल्यावर तिने स्पंदाचा आकार कडेच्या, सर्वांत मागे पडणाऱ्या केंद्रांना धरून, हळू चढेल नि हळूच उतरेल असा नव्याने बांधला. महिन्याभराने फोन आला, "बाबा, सगळी वळली!"

हे कळताच शेजारी हसले, "मंग, ऐकते म्हणा आता सरकी!"

वाचकहो, तुमच्या घरातील कोणीही मागे न राहो. भगवंत तुम्हां सर्वांचे कल्याण करो.