चहाचा ट्रे

संभाजीनगरजवळच्या एका नगरपरिषदेच्या सभांना मी बातमीदार म्हणून जायचो. तिथल्या शिपायाला सगळे मामा म्हणत. निवडणूक जवळ आली की दोन्ही पक्षांचे नगरसेवक आळीपाळीनं सभात्याग करत आणि गणसंख्येअभावी सभा तहकूब होई. रिकाम्या खुर्च्या सरळ करत मामा मला विचारत, "आता पानी कवा येनार?"

पाइपलाइनचा ठराव असा तीनदा लटकला. चौथ्यांदा विरोधक उठले, तेव्हा मामा चहाचा भरलेला ट्रे घेऊन दारात आडवे उभे राहिले. "गरम हाय साहेब, सांडंल. जरा थांबा."

पांढरे कपडे सांभाळत सगळे थबकले. ते सभागृहातच असताना नगराध्यक्षांनी ठराव मंजूर करून टाकला.

महिन्याभरात मामांची बदली स्मशानभूमीवर झाली. मी भेटायला गेलो, तर हसून म्हणाले, "लई बरं हाय. इथं मधूनच कुनी उठून जात नाय."