भिकाजीकाकांच्या खिशातला कपॅसिटर

भिकाजीकाकांनी चाळीस वर्षं मासळीच्या बर्फाच्या कारखान्यांत मोटारी सांभाळल्या. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतली कामी किती येते त्याचा आकडा, घसरला की मोटारीला कपॅसिटर जोडायचा. ह्या एका औषधावर माणसाने जन्म काढला. निवृत्त झाल्यावरही पंख्याचा कपॅसिटर खिशात घेऊन हिंडत, दुसरे म्हातारे तंबाखूची डबी घेऊन हिंडतात तसे. ‘चुकलो’ हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. आणि मी शेजारच्याच गाळ्यात आंबापोळी भरते, मला सगळं ऐकू येतं.

त्यांची लेक निशिगंधा एलईडी दिव्यांचे सप्लाय, म्हणजे दिव्याला लागेल तशी वीज देणारे डबे, बनवते. जेट्टीवरच्या दिव्यांचं काम मिळायचं होतं. नियम एकच, पुण्याच्या लॅबमध्ये पॉवर फॅक्टर ०.९च्या वर निघाला पाहिजे. पोरीने सहा महिने खपून पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट सप्लायच्या आतच बसवलं. नमुना तयार ठेवून ती जेवायला गेली, तेवढ्यात काका आत डोकावले. कपॅसिटर कुठे जोडलेला दिसेना. पोर विसरली असं ठरवून ह्या शहाण्याने खिशातला काढून वायरींच्या तोंडाशी जोडला, झाकण लावलं आणि वर सीलही चिकटवलं.

रिपोर्ट आला ०.६९. नापास.

निशिगंधा आठवडाभर कपाळाला हात लावून बसली. इथे टेबलावर ०.९६ आणि तिथे ०.६९, कसं काय? शेवटी म्हणाली, मला हे जमत नाही, गाळा सोडते, दापोलीला नोकरी बघते. काका खाली मान घालून ऐकत होते. माझं तोंड कसलं गप्प बसतंय! विचारलं, काका, आज खिसा रिकामा कसा?

ते लेकीकडे वळले. ‘‘मोटारीचं औषध ह्याला चालत नाय काय गो?’’

ती म्हणाली, मोटारीचा करंट मागे रेंगाळतो, म्हणून कपॅसिटर त्याला पुढे ढकलतो. ह्या सप्लायचा आधीच सरळ चालतो, त्याला ढकललं तर आपटणारच.

‘‘मग मीच ढकलला. चुकलो, बाय.’’

ती त्यांना वाट्टेल ते बोलली आणि मग रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. लॅबने दुसरा नमुना घ्यायचं कबूल केलं. तो मांडीवर धरून काका स्वतः एसटीने पुण्याला गेले. ०.९६ निघाला, काम मिळालं.

आता गाळ्याच्या दारावर पाटी आहे: ‘भिकाजीने आत हात घालू नये.’ अक्षर काकांचंच, खाली सहीसुद्धा.