रेवाच्या गुडघ्यामागची गोचीड

"माचिस आहे का गं? चटका दिला की आपोआप सुटते," काका म्हणाले.

त्यांची सहा वर्षांची नात रेवा दगडावर पालथी पडून रडत होती. तिच्या गुडघ्यामागे तिळाएवढी गोचीड चिकटली होती.

मुलुंडच्या डोंगरातल्या नेचर ट्रेलवर मी रविवारी असिस्टंट असते. सर पुढे पक्षी दाखवतात आणि मी फर्स्ट एड बॉक्स घेऊन सगळ्यांच्या मागे चालते. एरवी मी झूलॉजीच्या सेकंड इयरला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मोठ्या माणसांना 'असं करू नका' म्हणायची मला सवय नाही.

सर बरेच पुढे गेले होते. फोनला रेंज नव्हती.

"काका, चटका नको," मी कशीबशी म्हणाले. "डास चावून उडून जातो. गोचीड तोंड रुतवून रक्त पीत बसते. चटका दिला किंवा तेल टाकलं, तर ती पोटातलं उलट जखमेत सोडू शकते. त्यातून आजार होऊ शकतो."

"गावाला गाईच्या कानातून अशाच काढायचो आम्ही."

"हो काका. पण ट्रेनिंगमध्ये आम्हाला चिमट्यानेच काढायला शिकवलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता ओरडणार, असं वाटलं.

"बरं, काढ."

मी चिमटा घेतला आणि हात थरथरायला लागला. ट्रेनिंगमध्ये आम्ही केळ्यात खोचलेली लवंग उपटली होती. केळं रडत नाही.

"आण इकडे," काका हळूच म्हणाले. "घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा. चिमटा मी धरतो. काय करायचं ते तू सांग."

"अगदी कातडीला लागून पकडा. पोट दाबू नका, पिळू नका. सरळ, सावकाश वर ओढा."

गोचीड तोंडासकट अख्खी निघाली.

"आजोबा, झालं?"

"केव्हाच. तू रड हवं तर अजून."

मी साबणाने जागा धुतली, अँटिसेप्टिक लावलं. गोचीड चिकटपट्टीवर घेऊन काकांना दिली. "ताप किंवा लाल चट्टा आला तर लगेच डॉक्टरकडे जा. ही दाखवा."

खाली उतरल्यावर सरांना सगळं सांगितलं. रेवाने डासांचं क्रीम फक्त हातांना आणि मानेला लावलं होतं. अंगात फ्रॉक. आणि ब्रेकमध्ये आम्ही बसलो त्या गवतात तबेल्यातल्या म्हशी चरतात. गुरांच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच पडतात.

"जागा मीच निवडली होती," सर म्हणाले. "सावली बघितली, म्हशी नाही बघितल्या. तू चटका थांबवलास ते बरं केलंस."

नंतर काकांचा फोन आला. रेवाला ताप आला नाही. "माझं घड्याळांचं दुकान अजून चालू असतं तर तुला कामाला ठेवलं असतं," ते म्हणाले.

"काका, माझा हात थरथरतो."

"म्हणून काउंटरवर."

त्यांना हसण्यावारी न्यायचं होतं, पण मी मनापासून थँक्यू म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाने माझं ऐकलं होतं.

आता ट्रेल संपली की मी सगळ्यांना गुडघ्यामागे, कानामागे, कमरेला एकदा बघायला लावते. लोक लाजतात, पण बघतात. आणि गोचीड सापडलीच, तर चिमटा उघडण्याआधी विचारते, "इथे कोणाचा हात स्थिर आहे?"