डावखुरे टाके

बेटाला वेढणाऱ्या उथळ लगूनच्या पलीकडे होडीत कोण बसलंय, हे अकाइती किनाऱ्यावरूनच सांगायची. त्यामुळे आपल्या डोळ्यांना काही झालं असेल, हे तिच्या मनातही येत नव्हतं. सुईत दोरा जाईना, तर हल्ली दोराच भिकार येतो. कापड हातभर लांब धरावं लागतं, तर सभागृहात उजेड आहे कुठे! चष्मा म्हाताऱ्यांनी लावावा. ती जेमतेम पन्नाशीची, आणि ऐतुताकी बेटावरच्या त्यांच्या गावच्या शिवणमंडळाची म्होरकी.

दर सोमवारी गावच्या सभागृहात जमणारं हे मंडळ त्या वेळी तेपाएरूच्या मुलासाठी तिवाईवाई शिवत होतं. तेपाएरू म्हणजे अकाइतीच्या धाकट्या भावाची बायको. मुलाचे जन्मापासून राखलेले केस कापायचे, त्या दिवशी त्याच्या खुर्चीवर घालायची ही गोधडी. पांढऱ्या कापडावर लाल जास्वंदी आणि पानं, कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेली. मधलं मोठं फूल आणि त्याची पानं अर्थातच अकाइतीकडे.

मंडळात एक रीत होती. कुणाचे टाके वाकडे गेले तरी तिला तोंडावर बोलायचं नाही. ती घरी गेली की गुपचूप उसवायचं, नीट शिवून ठेवायचं. ही रीत अकाइतीनंच मोडली.

गोधडी भिंतीवर टांगून ती दाराशी जाऊन उभी राहिली. लांबून तिला लख्ख दिसलं: एका पानाची कड चुरगळलेली, धागे बाहेर आलेले. पान तेपाएरूकडच्या फुलाला खेटून होतं, म्हणजे तिचंच, असं अकाइतीनं धरलं.

"हे कोंबडीनं शिवलंय का गं, तेपाएरू? पोराच्याच सोहळ्याला आईचा हात जड झाला?"

कुणी हसलं नाही. मंडळातली तुपू काहीतरी बोलायला गेली, पण तेपाएरूनं तिला डोळ्यानंच दाबलं.

"माझंच असेल, वन्सं," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"रुसली," अकाइती म्हणाली. "चार शब्द चांगले सांगायचीही सोय नाही!"

मग एकदा रक्तदाब तपासायला अकाइती दवाखान्यात गेली, तर गोळ्यांच्या डबीवरचं तिला वाचता येईना. नूरोआ नर्सनं तिला भिंतीवरच्या तक्त्यासमोर बसवलं. शेवटची ओळही तिनं धडाधड म्हणून दाखवली. मग नर्सनं हातात छोटं कार्ड दिलं, तर सगळ्या मुंग्याच!

"डोळा आजारी नाही हो," नर्स म्हणाली. "वय झालं की डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं पकडत नाही. मलाही आहे, तुमच्या पाद्रीबुवांनाही आहे."

"ते तर बायबल पाठ म्हणतात!"

"ते का म्हणतात, कळलं ना आता? हा चष्मा शिवताना, वाचताना लावा. लावून चालू नका, जमीन डोलेल. उजेड पाठीमागून खांद्यावरून कापडावर पडू दे. आणि नंबर वाढत जाईल, तेव्हा अधूनमधून दाखवत राहा."

चष्मा घेऊन अकाइती सरळ सभागृहात गेली आणि तो लावून तिनं खिडकीपाशी गोधडी उलगडली. ते पान आता व्यवस्थित होतं; रीतीप्रमाणे कुणीतरी गुपचूप नीट करून ठेवलेलं. पण देठापाशी जुना थोडा भाग उसवायचा राहून गेला होता. तिथले टाके डावीकडे कललेले. मंडळात डावखुरी एकटी अकाइतीच.

तिनं मधलं फूल जवळ ओढलं. तिचं स्वतःचं फूल. एका पाकळीवर तिचे ओबडधोबड टाके, आणि बाकी सगळ्या पाकळ्यांवर उजवीकडे कललेले, मोहरीएवढे, तेपाएरूचे. किती दिवस ती आपल्यामागे उसवत, शिवत बसली होती!

ती तशीच उठून भावाच्या घरी गेली. तेपाएरू मागच्या अंगणात नारळ खवत होती. तिनं मान वर केली नाही.

"ते पान माझं होतं."

"माहीत आहे, वन्सं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्हाला? सगळ्यांसमोर?"

अकाइतीला खाली बघावं लागलं. "चुकले गं मी. फार चुकले."

"इथं माझ्याशी म्हणताय," तेपाएरू म्हणाली. खवणीचा आवाज थांबला नव्हता. "ऐकायला तेव्हा सगळ्या होत्या."

सोमवारी अकाइतीनं सगळ्यांसमोर चष्मा लावला. कुणीतरी फिसकन हसलं. तेपाएरू आली होती, पण पार दाराजवळ बसली होती. अकाइतीनं गोधडीवरचं ते पान वर धरलं.

"कोंबडी मीच," ती म्हणाली. आवाज चिरकला, तरी तिनं पुढचंही सगळं सांगितलं. मग उरलेली पाकळी उसवून पुन्हा शिवायला घेतली. झाल्यावर ती उठून दारापाशी गेली आणि कापड तेपाएरूच्या मांडीवर ठेवलं.

तेपाएरूनं बोट फिरवत कड पाहिली. बराच वेळ.

"हा कोपरा उसवा, वन्सं," ती मोठ्यानं म्हणाली. "टाके लांब पडलेत."

अकाइतीनं चष्मा नाकावर नीट बसवला, तिथंच तिच्याशेजारी बैठक मारली आणि कात्री मागितली.